शिवेचा देव

चंद्रपूरच्या उत्तरेला तुकूम, दुर्गापूर, ऊर्जानगर आणि पद्मापूर. दक्षिणेला बाबूपेठ आणि लालपेठ. पश्चिमेला इरई नदीपलीकडे दाताळा. जुन्या परकोटाबाहेरच्या या वस्त्या गेल्या शे-सव्वाशे वर्षांत वेगवेगळ्या कारणांनी वाढल्या आणि वाढता वाढता एकमेकींना येऊन भिडल्या. बाबूपेठ-लालपेठ वाढले ते कोळशाच्या खाणींमुळे. दुर्गापूर-ऊर्जानगर वाढले ते खाण आणि वीज केंद्र या दोन्हींमुळे. तुकूम महापालिकेत आहे. दुर्गापूर आणि ऊर्जानगर जनगणनेच्या लेखी नगरे असली तरी त्यांचा कारभार ग्रामपंचायतीचा. ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वस्ती कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली, हे दुकानांच्या पाट्या वाचूनच समजते.

या वस्त्यांचा नागरी अंगाने विचार पुष्कळ होतो. पाणी, राख, रस्ते, हद्दवाढ यांवर निवेदने निघतात, सभा होतात. धर्मविचाराच्या अंगाने मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि अवघड प्रश्न तर तिथेच आहे. पूर्व विदर्भात गावाचे गावपण शिवेने ठरत आले आणि शिवेवर देव असे. दोन गावे वाढून एक झाली की त्यांच्यामधली शीव पुसली जाते. मग त्या शिवेवरच्या देवाचे काय होते? तो जागेचा म्हणून तिथेच राहतो, की माणसांचा म्हणून त्यांच्याबरोबर चालू लागतो? कामाच्या शोधात कालपरवा आलेल्या, त्या देवाचे नावही न ऐकलेल्या माणसाकडे त्याचे काही देणे निघते का? आणि मुळात या जोडून गेलेल्या वस्त्यांना एक गाव म्हणायचे, ते कशाच्या बळावर?

जुनी मांडणी आधी पाहिली पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यात मारुती असतो, मातामाय असते, कुठे भीवसन असतो, आणि रानाच्या अंगाला वाघोबा असतो. मातामायचे ठाणे बहुधा मोहाच्या नाहीतर कडुलिंबाच्या झाडाखाली. देऊळ म्हणावे असे तिथे काही नसते: शेंदूर फासलेले चार-सहा दगड, नवसाचे मातीचे घोडे, फुटलेल्या नारळाच्या कवट्या, वाऱ्याने फाटलेले एखादे निशाण. पेरणीआधी गोंड गावांत बिदरी होते. बियाणे आधी देवापुढे जाते आणि मगच शेतात. मोहाची दारू ओठाला लावण्याआधी तिचे चार थेंब जमिनीवर सांडले जातात, कारण जमीन आधी कोणाची तरी आहे हे विसरून चालत नाही. हे सगळे करणारा भुमक हा त्या जमिनीचा आणि माणसांचा मध्यस्थ. गडचिरोलीच्या माडिया गावांत असाच मान गायत्याला असतो.

गोंडांच्या धर्मव्यवस्थेत एक भेद फार स्पष्ट आहे आणि पुढच्या सगळ्या विचाराला तोच उपयोगी पडतो. कुळाचा देव वेगळा आणि गावाचा देव वेगळा. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशा सगांमध्ये समाज विभागलेला आहे. प्रत्येक कुळाचे पेन, म्हणजे देव, त्या कुळाचे, आणि कूळ जिकडे जाईल तिकडे त्याचे नाते जाते. गावदेवाचे तसे नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला लागून असलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गावाचा रक्षक आकी पेन आणि गावाची माता अवल यांचे सविस्तर वर्णन आहे. गाव बसते तेव्हा हे देव बसतात. त्या मातीवर नांगर धरणारा कोणत्याही कुळाचा असो, त्याला त्यांचे मानावे लागते. राजुरा तालुका त्या काळी निजामाच्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे हे वर्णन परक्या प्रदेशाचे नाही.

वाघोबाचे स्थान या सगळ्यात निराळे. तो गावात राहत नाही आणि पूर्ण रानातही राहत नाही. जिथे गुराखी मागे वळतात त्या रेषेवर तो असतो. ताडोबा हे नावच या नात्यातून आले आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव मानले, आणि तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी कथा आहे. पौष महिन्यात तिथे आदिवासींची यात्रा भरत आली. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि या देवाचे नाव जगभर गेले. या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे वाघाला मारणारा देव झालेला नाही, वाघाने मारलेला देव झाला आहे. वाघाच्या हद्दीत माणसाचा जीव गेला, तर ती जागा सूडाची न होता पूजेची होते आणि रेष आणखी पक्की होते. पालघर-ठाण्याच्या वारल्यांत वाघबारस साजरी होते, तिच्यामागेही हाच भाव आहे: रान तुझे, गोठा आमचा, आणि दोघांनी मर्यादा सांभाळायची.

चंद्रपूर शहराची हद्दही मुळात एका जनावराने आखली, असे परंपरा सांगते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरची गळवे झरपट नदीच्या पाण्याने बरी झाली, तिथे अंचलेश्वर प्रकटला. पुढे याच भागात राजाने एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट बांधावा, असे राणीने सुचवले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा आणि पाच खिडक्यांचा परकोट पुढच्या राजांच्या काळात पुरा झाला. कथा खरी किती हा इतिहासाचा विषय. धर्मविचाराला तिचा आशय महत्त्वाचा. माणसाने हद्द आपल्या मर्जीने आखली नाही, ती त्याला रानाकडून मिळाली, असे हे नगर स्वतःबद्दल सांगत आले आहे.

महाकाली कोटाच्या बाहेर आहे, अंचलेश्वर दरवाजापलीकडे, झरपटच्या काठी. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राणी हिराईने तिचे देऊळ उभारले. चैत्रात तिच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून माणसे लोटतात. चंद्रपूरकरांच्या आधी तिच्यावर मराठवाड्याच्या भाविकांचा हक्क आहे की काय, असे वाटावे इतकी ही गर्दी असते. गावदेवाला गावाबाहेरचे भक्त सहसा नसतात. महाकाली त्या अर्थाने गावदेवी राहिलेली नाही. ती प्रदेशाची देवी झाली, आणि तिच्याभोवती बाबूपेठ कितीही वाढले तरी तिला धक्का लागला नाही.

तिथून फार दूर नाही अशा जागी, लालपेठच्या बाजूला, याच्या अगदी उलट उदाहरण आहे. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या वैश्याने प्रचंड देवालयाचा संकल्प केला आणि त्यासाठी अखंड पाषाणात मूर्ती घडवून घेतल्या. देऊळ उभे राहण्याआधीच तो गेला आणि मूर्ती उघड्यावर राहिल्या. त्यांतली दहा मुखांची दुर्गा सुमारे २६ फूट लांब आहे. मुखे मोजून लोक तिला रावण म्हणू लागले. प्रतिष्ठा झाली नाही, गाव बसले नाही, भुमक नाही, पुजारी नाही. म्हणून इतकी मोठी मूर्ती असूनही ती कोणाची देवी झाली नाही. आता तिच्याभोवती घरे आली आहेत आणि ती पुरातत्त्वाची वस्तू आहे. मातामायचे चार ओबडधोबड दगड शतकानुशतके टिकतात आणि हे पाषाण अनाथ राहतात. देवत्व दगडात नसून दगड आणि माणसे यांच्यातल्या व्यवहारात असते, हे याहून स्वच्छ दाखवणारे स्थळ विदर्भात क्वचितच असेल.

आता वस्त्यांकडे. चंद्रपूर परिसरात कोळशाच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहेत. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि पुढे खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. १९८०च्या दशकात दुर्गापूरजवळ महाऔष्णिक वीज केंद्राचे संच एकामागून एक सुरू झाले. इरई नदीवरच्या धरणाचे पाणी आणि शेजारच्या खुल्या खाणीचा कोळसा ही त्याची सोय. आज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. खाणीने आणि केंद्राने जमीन घेतली ती सातबाराच्या उताऱ्यावरून, म्हणजे खातेदाराकडून. मोबदला शेताचा ठरला, घराचा ठरला, झाडांचाही ठरला. शिवेवरच्या देवाचे खाते कुठल्याच उताऱ्यावर नव्हते.

माणसे आली ती चहूकडून. तेलंगणातून तेलुगू बोलणारी खाणकामगार कुटुंबे, छत्तीसगडची माणसे, उत्तर प्रदेश-बिहारची माणसे, आणि याच जिल्ह्यातल्या नागभीड, सिंदेवाही, मूलकडची शेती सुटलेली माणसे. प्रत्येकाने आपला देव आणला. पोचम्मा आली, बतुकम्मा आली, छठ आली, गल्लोगल्ली गणपती आणि शारदा आल्या, श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आली, बुद्धविहारे आली. यांतले बहुतेक देव कुळाचे किंवा समाजाचे, चालणारे. बतुकम्मा तर दरवर्षी रानफुलांची नवी रचावी लागते आणि पाण्यात सोडावी लागते. तिला जागा लागतच नाही, नऊ दिवसांचे अंगण पुरते. त्यामुळे या वस्त्यांत धर्म कमी झाला असे म्हणणे चूक ठरेल. तो वाढला. कमी झाला तो फक्त त्या मातीचा धर्म.

हे नुकसान म्हणावे का, यावर परंपरांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

देव जागेचाच असतो, असे मानणारी बाजू जुनी आणि भक्कम आहे, आणि ती केवळ गोंडांची नाही. रोममध्ये टर्मिनस हा हद्दीच्या दगडाचा देव. कॅपिटॉल टेकडीवर ज्युपिटरचे मोठे देऊळ बांधायचे ठरले तेव्हा तिथल्या लहान देवांना हलण्याबद्दल कौल लावला गेला. बाकीच्यांनी जागा सोडली. टर्मिनसने सोडली नाही. मग ज्युपिटरचे देऊळ त्याला पोटात घेऊन बांधले गेले आणि त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवले, कारण त्याची पूजा उघड्या आकाशाखालीच व्हायची. साम्राज्याच्या देवालाही शिवेच्या देवापुढे जुळवून घ्यावे लागले, असा हा संकेत. महाराष्ट्रात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या मातृदेवतांची ठाणी पायी फिरून तपासली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मांडली. गावापासून दूर, जुन्या वाटांच्या तिठ्यांवर असलेल्या या ठाण्यांवरून त्यांनी शेतीपूर्व काळातल्या माणसांच्या चालण्याचा माग काढला. वाटा गेल्या, वस्त्या सरकल्या, देवी जागच्या हलल्या नाहीत.

भारतीय कायद्यातही या प्रश्नाचा एक धागा आहे. देवमूर्ती ही कायद्याने व्यक्ती मानली जाते हे बहुतेकांना ठाऊक असते. १९२५ चा मल्लिक खटला कमी जणांना ठाऊक असतो. कलकत्त्याच्या एका घराण्यात कुलदेवाची मूर्ती हलवण्यावरून वाद झाला आणि तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मूर्ती म्हणजे नुसती मालमत्ता नव्हे, तिच्या स्थानाबाबत तिची इच्छाही विचारात घ्यायला हवी आणि ती मांडायला वादात हितसंबंध नसलेला प्रतिनिधी हवा, असे कौन्सिलने ठरवले. हे तत्त्व दुर्गापूरसारख्या ठिकाणच्या मातामायला लावले असते तर? तसे कोणी केले नाही आणि करणे सोपेही नव्हते. जिचा न्यास नाही, जिचे नाव नोंदवहीत नाही, जिची मूर्ती म्हणजे शेंदराचा थर, तिची इच्छा विचारायला कोण जाणार? श्रीमंत घराण्याच्या देवाला इच्छा असते आणि भुमकाच्या देवाला नसते, ही या व्यवस्थेतली विषमता आहे. ती मान्य करूनच पुढे जायला हवे.

दुसरी बाजू म्हणते, शीव गेली ते बरे झाले. या बाजूचे म्हणणे हलके घेता येत नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात शिवेची राखण महारांकडे होती. शिवेचा वाद निघाला की पिढ्यान्‌पिढ्या हद्द ओळखणारा म्हणून महाराची साक्ष घेतली जाई. मेलेले जनावर ओढून नेणे त्याच्याच वाट्याचे. आणि त्याची वस्ती मात्र गावाबाहेर, शिवेच्या अंगाला. जो शीव राखायचा त्यालाच शिवेच्या आत जागा नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले, ते या अनुभवातून आलेले होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या दिवशी ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांनी गावदेवाशी असलेले सक्तीचे नातेही तोडले. आज या उपनगरांतल्या विहारात जमणाऱ्या माणसांना एकत्र आणते ते आचरण: पंचशील, वर्गणी, अभ्यासिका, दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जमणे. तिथे जागेपेक्षा संघ मोठा. खाणीच्या चाळीत आणि केंद्राच्या क्वार्टरमध्ये शेजारी कोण हे जातीने न ठरता पाळीने आणि श्रेणीने ठरले, आणि गावकुसाबाहेर जन्मलेल्या हजारो माणसांना हा श्वास मोकळा वाटला. शिवेच्या देवासाठी हळहळणाऱ्याने या मोकळेपणाचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भूमिका या दोन्हींच्या मधून जाते. चिमूरजवळच्या रामदिघीच्या रानात त्यांनी तरुणपणी साधना केली. १९५५ च्या ग्रामगीतेत त्यांनी गाव हेच दैवत मानले आणि सेवेला पूजेच्या जागी बसवले. जातीची भिंत नको, गावपण मात्र हवे, असा हा आग्रह आहे. पण ग्रामगीतेपुढे उभे गाव शेतीचे आहे, ओळखीच्या माणसांचे आहे. ज्या वस्तीत शेजारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, भाडेकरू मालकाला ओळखत नाही आणि कामाचे ठिकाण फाटकाआड असते, तिथे हे दैवत कोणत्या रूपात उभे करायचे, याचे उत्तर त्यातून आयते मिळत नाही.

या तिन्ही भूमिका एकमेकींवर आदळतात त्या एका कारणाने: शीव एकच आहे असे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात शिवा दोन आहेत. एक आतली, माणूस आणि माणूस यांच्यामधली. दुसरी बाहेरची, माणूस आणि रान यांच्यामधली. जुन्या गावाने दोन्ही एकाच देवाच्या स्वाधीन केल्या, हे त्याचे पाप. आतली शीव जायलाच हवी होती. बाहेरची राहायला हवी होती. चंद्रपूरभोवतीच्या वस्त्यांत झाले ते जवळजवळ उलटे. आतली शीव नवे नाव घेऊन परतली: अधिकाऱ्यांची वसाहत, कामगारांचे क्वार्टर, लेआउटमधले बंगले, नाल्याकाठची झोपडपट्टी. बाहेरची मात्र पुरती पुसली गेली.

पुसली गेली म्हणजे काय, हे दुर्गापूरच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर दिसते. खुल्या खाणीत कोळशावरची माती काढून बाजूला रचतात. तिचे डोंगर होतात. त्यांवर वेडी बाभूळ आणि झुडपे माजतात. तिथे रानडुकरे येतात, वस्तीच्या कचऱ्यावर कुत्री आणि डुकरे पोसली जातात, आणि त्यांच्या मागे बिबटा येतो. केंद्राच्या विस्तीर्ण आवारात वाघही राहू लागले. हा डोंगर रानाचा नाही आणि गावाचाही नाही. गुराख्याने मागे वळावे अशी रेष त्याच्यावर कोणी काढलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत केंद्राच्या परिसरात कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघाने मारले आणि दुर्गापुरात सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने उचलून नेले. त्याच वर्षी मे महिन्यात दुर्गापुरातल्याच एका आईने काठीने बिबट्याला झोडपून आपल्या लहानग्या मुलीला त्याच्या जबड्यातून सोडवले. लोकांचा संताप वनखात्यावर निघाला, आणि तो समजण्यासारखा होता. झुडपे काढा, दिवे लावा, पिंजरे लावा, जनावर उचलून न्या, अशा मागण्या झाल्या. त्या सगळ्या रास्त आहेत. त्यांत एक मागणी मात्र नव्हती: आपण कुठे थांबायचे, हे ठरवून द्या.

वाघोबाला पुजणाऱ्या गावात वाघ माणूस मारत नसे, असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. मारत असे, तारूची कथा त्याचीच साक्ष आहे. गावकरी वाघाला सापळेही लावत. पूजेने जीव वाचल्याची खात्री देता येत नाही. पूजेने एक गोष्ट मात्र होत होती: वर्षातून एकदा सगळे गाव त्या रेषेपर्यंत चालत जाई आणि ती रेष कुठे आहे हे लहान मुलालाही कळे. धर्माचे हे काम कायद्याने किंवा कुंपणाने पूर्ण होत नाही, कारण कुंपण दुसऱ्याला अडवते. रेष मानणारा स्वतःला अडवतो.

हीच गोष्ट पीडेच्या बाबतीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मारबत निघते. गावातली इडापिडा तिच्यावर लादून तिला शिवेबाहेर टाकतात. जोडून गेलेल्या वस्त्यांत शिवेबाहेर म्हणजे शेजारच्या वस्तीच्या अंगणात. दुर्गापूरची पीडा तुकूमच्या दारात आणि तुकूमची दुर्गापूरच्या. राखेचे आणि धुळीचेही तसेच आहे: ती कोणीतरी ‘बाहेर’ टाकतो, आणि बाहेर राहणाऱ्या माणसाच्या घरी ती खाली बसते. बाहेर ही जागाच उरली नाही, तेव्हा पीडा टाकण्याचा विधी अपुरा पडतो आणि ती निर्माणच न करण्याचा प्रश्न पुढे येतो. सलग वाढलेल्या वस्तीने धर्मापुढे टाकलेला हा खरोखर नवा प्रश्न आहे. जुन्या गावाला तो पडला नव्हता.

दुर्गापूरसारख्या वस्त्यांत शिवेचा देव का टिकला नाही, याची कारणे पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवडशी तुलना केली तर अधिक उघड होतात. तिथेही पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी गावे कारखानदारीने एकत्र आणली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. तरी भोसरीच्या भैरवनाथाची यात्रा भरते आणि चिंचवडला मोरया गोसावींचे देवस्थान गजबजलेले असते. मूळ गावकरी तिथे जमिनीचे मालक होते, जमिनीच्या भावाने सधन झाले, आणि देवाचे मानकरी म्हणून आपले स्थान त्यांनी राखले. दुर्गापूरभोवतीची जमीन एकगठ्ठा खाणीकडे आणि केंद्राकडे गेली. मागे राहिलेल्यांच्या हाती भाव वाढणारे वावर नव्हते. देव टिकायला श्रद्धेइतकीच मालकी लागते. हे ऐकायला कडू आहे, पण दोन ठिकाणांतला फरक दुसऱ्या कशाने समजावता येत नाही.

गडचिरोलीत हीच मालकी वेगळ्या वाटेने परत आली. २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला तिच्या परंपरागत सीमेतल्या जंगलावर सामूहिक हक्क देतो, आणि त्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत विहिरी आणि दफनभूमी यांच्याबरोबर पवित्र स्थळेही आहेत. म्हणजे शिवेवरचा दगड सरकारदरबारी पुरावा ठरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होते. तिथे शिवेचा देव, ग्रामसभा आणि बांबूचा हिशेब एकाच सभेत बसतात. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये डोंगरावरच्या देवाबाबतचा धार्मिक हक्क ठरवण्याचे काम ग्रामसभांवर सोपवले, आणि विचारलेल्या बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेव आहे. सत्तर गावांचा इलाका त्याला मानतो आणि जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच पहाडातून आज लोहखनिज निघते. देव पुरावा ठरला म्हणून तो प्रत्येक ठिकाणी जिंकतो असे नाही. पण त्याचे म्हणणे ऐकण्याची एक जागा तरी तयार झाली.

ती जागा दुर्गापूर-ऊर्जानगरला आहे का? आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा तिथे लागू नाही. सामूहिक वनहक्काचा दावा करावा अशी परंपरागत सीमा पुष्कळ ठिकाणी खाणीखाली गेली आहे. ग्रामसभा मात्र आहे, आणि ती मातामायला मानणारे, विहारात जाणारे, पोचम्माला बोनमचा नैवेद्य नेणारे आणि काहीच न मानणारे अशा सगळ्यांची आहे. जुन्या भुमकाला जे काम एकट्याने आणि एका देवाच्या नावाने करावे लागे, ते तिला अनेकांच्या संमतीने करता येईल: ताडोब्याच्या अंगाची कोणती जमीन लेआउटला द्यायची नाही, कचरा कुठे पडू द्यायचा नाही, खाणीने कोणता ढिगारा कधी सपाट करायचा, रानात शिरणारी वाट कुठे थांबवायची. अशा रेषेला देव म्हणायचे की ठराव, हा प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेने ठरवावा. बौद्धांना तिथे देव मानण्याची सक्ती होता कामा नये आणि गोंडांना त्यांचे ठाणे हलवण्याची. ही अट पाळली तर आतली शीव परत न आणता बाहेरची परत आखता येते.

सध्या मात्र हद्दवाढीचा निर्णय नकाशावर होतो, नगरविकास आणि महसूल खात्यांच्या टेबलावर. ताडोब्याचे बफर क्षेत्र २०१० मध्ये अधिसूचित झाले, तेही नकाशावरच. या दोन नकाशांच्या मधल्या पट्ट्यात पद्मापूरकडचा रस्ता जातो, आणि वस्ती सध्या त्याच अंगाने वाढते आहे.